तिसरीतला मुलगा गोष्टीचं पुस्तक उघडतच नाही, काय करू?

निशिगंध:
नमस्कार मंडळी, माझा मुलगा तिसरीत आहे, मराठी माध्यम पण सेमी. अक्षरओळख पक्की आहे, बालभारतीचं पुस्तक वाचतो पण बोट ठेवून आणि मी शेजारी बसले तरच. गोष्टीचं पुस्तक दिलं की पाच मिनिटात "आई झालं" म्हणून उठतो. दिवाळीत हौसेने दीड हजाराची पुस्तकं आणली ती अजून कोरी करकरीत पडलीत. मी रोज वीस मिनिटं वाचायचंच असा नियम केलाय आणि मग गोष्टीत काय झालं, तात्पर्य काय ते विचारते, नाहीतर समजलं की नाही ते कसं कळणार? पण आता त्या वीस मिनिटांवरूनच रोज रडारड. शाळेत 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, त्या दिवशी मुलांच्या हातात पुस्तकं, नंतर परत कपाटात. मी लहानपणी जेवतानाही वाचत बसायचे म्हणून आईचा ओरडा खायचे, त्यामुळे याचं बघून फार वाईट वाटतं हो.

खडू_फळा:
ताई, मी झेडपी शाळेत शिकवतो, दुसरी-तिसरीचेच वर्ग जास्त मिळालेत. राग मानू नका पण ते तात्पर्य विचारणं आजपासून बंद करा. पोराला वाटतं गोष्ट संपली की तोंडी परीक्षा, मग तो गोष्ट कशाला सुरू करेल?
दुसरं म्हणजे या वयात मुलं अडतात ती जोडाक्षरांवर. "आश्चर्य", "स्वच्छ" असा शब्द आला की तो फोडून वाचेपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते, मग मजा कुठून येणार. म्हणजे गोष्ट त्याला हवीच असते, वाचायचे कष्ट झेपत नसतात. म्हणून तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, वाचता येत असलं तरी. आणि त्याला स्वतःला वाचायला पहिली-दुसरीच्या मुलांची सोपी, मोठ्या चित्रांची पुस्तकं द्या, "एवढा मोठा झालास आणि हे वाचतोस" असं घरात कोणी म्हणू नये.
कपाटाचं म्हणाल तर आमच्याकडेही कुलूपच असायचं, पुस्तक हरवलं तर डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, काय दाखवायचं ही भीती. मग आम्ही वर्गात खिडकीपासून दारापर्यंत नायलॉनची दोरी बांधली आणि पातळ पुस्तकं त्यावर मधोमध उघडून टाकली, कपडे वाळत घालतो तशी, पोरांचा हात पुरेल एवढ्या उंचीवर. पहिल्याच महिन्यात चार फाटली, ती पोरांनीच चिकटपट्टी लावून जोडली. मधल्या सुट्टीत आता दोरीखाली गर्दी असते. तुमच्या शाळेत पालकसभेला हे नक्की सुचवा, खर्च काहीच नाही.

बाबा_पुणे:
सरांशी सहमत. माझी मुलगी अशीच होती. आम्ही आधी एका पुस्तकाला दहा रुपये असं बक्षीस लावलं होतं आणि ती चूक झाली, ती सगळ्यात कमी पानांचं पुस्तक शोधायची आणि पैसे बंद झाल्यावर वाचनही बंद. मग स्टोरीवीव्हर सापडलं, प्रथम बुक्सची वेबसाईट, मराठीत भरपूर गोष्टी, सगळ्या फुकट आणि वाचायला किती सोप्या-अवघड त्यावरून चार पातळ्या पाडलेल्या. मुलीला न सांगता पहिल्या पातळीपासून सुरू केलं. किशोर मासिकही बघा, बालभारतीचं, 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या साईटवर वाचता येतात.

कृष्णाकाठ:
मी आजी आहे, नातू चौथीत. त्याला पुस्तक नको असायचं पण एसटीचं भारी वेड, स्टँडवर गेलं की पाट्या वाचत सुटायचा. "स्वारगेट", "महाबळेश्वर", सगळी जोडाक्षरं तिथेच पक्की झाली बघ त्याची. मग त्याला बसगाड्यांची, इंजिनांची पुस्तकं आणून दिली, गोष्टी नंतर आल्या. तुझ्या लेकाला कशाचं वेड आहे ते आधी बघ गं, तू लहानपणी काय वाचायचीस ते बाजूला ठेव. आणि सुट्टीत जमलं तर पाचगणीजवळ भिलारला घेऊन जा, 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे ते, लोकांच्या घरातच पुस्तकं मांडलीत, बालसाहित्याचं वेगळं घर आहे. आमचा तिथे ओसरीवर पालथा पडून वाचत होता, कोणी उठवलं नाही की काही विचारलं नाही.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, मी खरंच माझ्या आवडीचीच पुस्तकं आणली होती. त्याला किड्यांचं वेड आहे, मुंग्या बघत तासभर बसतो. काल नियम मोडला, जेवणानंतर मुंग्यांची एक गोष्ट मीच वाचून दाखवली आणि काहीच विचारलं नाही. तोच म्हणाला, "आई, राणीमुंगीचं पान परत काढ ना." सर, लहान मुलांसाठी किड्यांवरची सोपी पुस्तकं माहीत असतील तर सांगा प्लीज.