डावलणे आणि कमी लेखणे, फरक काय?

भावाच्या ऑफिसात प्रमोशनची लिस्ट लागली, सीनियर असून ह्याचं नाव नाही आणि ज्युनियरचं आहे. तर तो अर्ज लिहितोय, त्यात घातलंय 'मला कमी लेखण्यात आले'. काका म्हणतात 'डावलण्यात आले' पाहिजे. मला दोन्ही सारखेच वाटतात, किंमत कमी केली हाच अर्थ ना?? अर्ज उद्या द्यायचाय

नगरची_स्वाती:
काका बरोबर. कमी लेखणं मनातल्या मनातपण होतं, लेखणे म्हणजे मानणे, मोजणे. 'माझ्या लेखी त्याला किंमत नाही' म्हणतो ना त्यातलंच. डावलायला मात्र काहीतरी करावं लागतं, तुमचा नंबर होता आणि तो बाजूला सारून दुसऱ्याला दिलं. 'निष्ठावंतांना डावलून आयारामांना तिकीट', दर इलेक्शनला हीच हेडलाइन असते बघा 😄

कट्टेकरी:
आणि दोन्ही एकदम होतातच असं नाही. १९७७ ला न्या. एच. आर. खन्नांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं, कारण काय तर आणीबाणीत हेबियस कॉर्पसच्या (बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायच्या हक्काच्या) केसमध्ये पाच जजपैकी एकटे खन्ना सरकारच्या विरोधात गेले होते. आता त्यांना कोणी कमी लेखलं होतं का, उलट त्यांचं वजन चांगलं ओळखून होते म्हणून तर डावललं. त्याआधी १९७३ ला तर तिघांना एकदम, शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर, तिघांनीही राजीनामे दिले. खन्नांनीपण नंतर तेच केलं.

मूळ प्रश्नकर्ता:
ओके, पण मग 'नियम डावलले' कसं काय? नियमाचा कुठे नंबर असतो

नगरची_स्वाती:
नंबर नसला तरी नियम वाटेत असतो ना, त्याला वळसा घालून पुढे गेले. शब्द डावा वरूनच आहे, डाव्या हाताला टाकून जाणे, देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजवीकडे ठेवतो त्याच्या बरोबर उलट. 'नियम कमी लेखले' कोणी म्हणणार नाही. आणि माणूस असेल तर ला लागतो, 'त्याला डावललं', नियम किंवा ज्येष्ठता असेल तर नुसतं.

रिटायर्ड_बाबू:
अर्जात सरळ लिहा 'माझी सेवाज्येष्ठता डावलून कनिष्ठ कर्मचाऱ्यास पदोन्नती देण्यात आली' आणि सीनियॉरिटी लिस्टमधला अनुक्रमांक टाका. 'कमी लेखले' वाचून साहेब विचारेल, कोण काय बोललं तुम्हाला?