उलट फिरत नाही ती सिमेट्री कसली?

साडेतीन:
द्विमितीय क्वांटम फील्ड थिअरीत हल्ली जो तो ‘नॉन-इन्व्हर्टिबल सिमेट्री’ म्हणतोय, म्हणजे जिची क्रिया उलटी फिरवता येत नाही अशी सिमेट्री. माझा आक्षेप नावाला आहे. आयसिंग मॉडेल घ्या: जाळीच्या प्रत्येक घरात वर किंवा खाली तोंड केलेला एक छोटा चुंबक, म्हणजे स्पिन. क्रेमर्स आणि वानिए यांनी १९४१ साली चढ्या तापमानाचं मॉडेल कमी तापमानाच्या मॉडेलशी जोडलं (हीच ड्युॲलिटी) आणि चौरस जाळीचा क्रांतिक बिंदू, म्हणजे चुंबकपण जिथे मावळतं ते तापमान, सापडला. ऑन्सागरचं पूर्ण उत्तर १९४४ चं. त्या बिंदूवर ही ड्युॲलिटी म्हणजे थिअरीत ओढलेली एक रेघ, ‘एन’; ती अवस्थांवर क्रिया करते. ती दोनदा लावली की मिळतं १ + ईटा. ईटा म्हणजे सगळे स्पिन उलटवणं. ज्या अवस्थेचं चिन्ह त्यात बदलतं तिथे ईटा = −१, म्हणजे बेरीज शून्य. अवस्थाच पुसली गेली! भौतिकशास्त्रज्ञ विग्नरच्या व्याख्येतली सिमेट्री मोजमापाच्या शक्यता जपते. हिला सिमेट्री म्हणणं म्हणजे मिक्सरला आरसा म्हणणं.

फिरकी:
पुसली नाही हो, वेष बदलला. स्पिन एनमधून पलीकडे ओढा: डिसऑर्डर ऑपरेटर (स्पिनचा ड्युअल जोडीदार) निघतो, मागे ईटाची शेपटी लोंबकळत. एनर्जी ऑपरेटरचं फक्त चिन्ह पालटतं. रेघ वाकवा, सरकवा, उत्तर तेच. मला सिमेट्रीकडून एवढंच हवंय. उलट फिरलंच पाहिजे ही सवय आपल्याला ग्रुप थिअरीने लावली.

साडेतीन:
व्याख्या सैल केली की काहीही बसतं. हाती काय लागलं ते सांगा.

जाळीदार:
मी सांगतो. ट्रायक्रिटिकल आयसिंगमध्ये (आयसिंगच्याच भावकीतलं मॉडेल) एनसारखीच ‘डब्ल्यू’ रेघ आहे. तिचा वर्ग १ + डब्ल्यू, म्हणून किंमत १.६१८. आता ७/१६ वजनाचा (कॉन्फॉर्मल वेट) सिग्मा-प्राइम ऑपरेटर टाकून थिअरी क्रांतिक बिंदूवरून ढकला. तो स्पिन-उलट सिमेट्री मोडतो, पण डब्ल्यूला धक्का लावत नाही. शेवटी दोन ग्राउंड स्टेट (सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्था) उरतात, अगदी सारख्या ऊर्जेच्या, आणि त्यांची अदलाबदल करणारी नेहमीची सिमेट्री एकही शिल्लक नाही! मग सारख्या का? गॅप (पुढच्या अवस्थेपर्यंत ऊर्जेचं अंतर) असून ग्राउंड स्टेट एकच असती, तर डब्ल्यू रेघ उभी धरून अवस्था मोजताना उत्तर १.६१८ आलं असतं. मोजणीचं उत्तर पूर्णांकच हवं; पावणेदोनपेक्षा कमी अवस्था कुठून आणणार?

साडेतीन:
दोन ग्राउंड स्टेट इंटिग्रेबिलिटीतून (थिअरी नेमकी सोडवता येण्याच्या गुणातून) आधीच ठाऊक होत्या.

जाळीदार:
होत्या. पण इंटिग्रेबिलिटी बिघडवणारं, डब्ल्यूला न दुखावणारं पद थोडं मिसळा. तुमचं गणित तिथे थांबतं, मोजणीचा मुद्दा थांबत नाही.

साडेतीन:
बरं, डब्ल्यू पटला. एनबद्दल तक्रार कायम आहे. स्पिनच्या क्वांटम साखळीवर एनचा वर्ग केला की १ + ईटासोबत अख्खी साखळी एक घर सरकते. धड जागेवरही राहत नाही बया.

फिरकी:
सरकते, खरंय. सायबर्ग आणि शाओ हे भौतिकशास्त्रज्ञ त्यावरच लिहितात. त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.