मदत हवी आहे: मिनी डाळ मिलचा हिशोब शीटमध्ये कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका गावात आमचा बचत गट मिनी डाळ मिल चालवतो. मशीन अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं, पीकेव्ही मॉडेल. तुरी घरात आल्या की पावसाळ्यापर्यंत आम्हाला उसंत नसते. बहुतेक काम मजुरीचं: कास्तकार कट्टे आणून टाकतात, आम्ही डाळ काढून देतो, क्विंटलमागे ६०० रुपये घेतो. थोडी तूर गट स्वतः घेतो आणि डाळ किलोवर विकतो.

आता गटात विषय निघाला आहे की पुढच्या हंगामात कर्ज काढून ५० क्विंटल तूर भरायची. बायांची हिंमत मोठी आहे, मला तिचा अभिमान आहे. म्हणूनच हा निर्णय अंदाजावर होऊ नये असं वाटतं. वहीत सगळ्या नोंदी आहेत, त्या मोबाइलवर गूगल शीट्समध्ये भरते आहे. बेरीज-सरासरी जमते, पुढचं अडतं.

उतारा प्रत्येक मालाचा वेगळा. ७,२०० रुपये क्विंटलच्या तुरीला क्विंटलमागे ७२ किलो डाळ निघाली तर नुसती तूरच किलोमागे १०० रुपयांना पडते. ६८ निघाली तर जवळपास १०६. मग धरायचा कोणता आकडा? दुसरं, त्याच मीटरवर पिठाची गिरणीही आहे. महिन्याचं बिल डाळीवर किती टाकायचं? तयार सॉफ्टवेअर नको, आम्हाला स्वतःला समजेल असं सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी शीटची एक ओळ म्हणजे एक लॉट, हे पक्कं करा. रकाने: तारीख, मजुरीची की गटाची, तूर किलो, डाळ किलो, चुनी (डाळ काढताना उरणारा चुरा) किलो, वाळवणाचे दिवस. सेलमध्ये फक्त आकडा लिहा. ‘७२ किलो’ असं लिहिलं की शीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेत घेत नाही. ‘मजुरी’ आणि ‘गट’ हे शब्द ड्रॉपडाउनमधून निवडा, नाहीतर एखादी वेलांटी चुकली तरी सम-इफ (SUMIF, ठरावीक शब्दाच्या ओळींचीच बेरीज करणारं सूत्र) ती ओळ सोडून देतं.

उताऱ्याच्या टक्क्यांची सरासरी काढू नका. ४० किलोच्या लॉटला ७५ टक्के आणि ५ क्विंटलच्या लॉटला ६८ टक्के पडले, तर सरासरी ७१.५ दिसेल. प्रत्यक्षात ५४० किलो तुरीची ३७० किलो डाळ झाली, म्हणजे ६८.५. एकूण डाळीला एकूण तुरीने भागा. तोही गटाच्या मालाचा आणि मजुरीचा वेगळा, कारण कास्तकार घरची निवडक तूर आणतो आणि तुम्ही बाजारातली घेणार.

विजेसाठी इलेक्ट्रिशियनकडून डाळ मशीनला वेगळं सब-मीटर बसवून घ्या. तोवर डाळ मशीन आणि गिरणी किती किती तास चालली ते लिहा. गिरणीची मोटर वेगळ्या हॉर्सपॉवरची असेल तर तासांना हॉर्सपॉवरने गुणून मग बिल वाटा.

आणि व्याज विसरू नका. ५० क्विंटल ७,२०० ने म्हणजे ३,६०,००० रुपये. वर्षाला १२ टक्क्यांनी चार महिने पैसा अडकला तर व्याज १४,४००. डाळ ३,६०० किलो धरली तर किलोमागे ४ रुपये तिथेच गेले.

भाव, उतारा, व्याजदर आणि महिने वरच्या चार सेलमध्ये ठेवा, बाकी सूत्रं त्यांना जोडा. मग तूर ७,२०० ऐवजी २०२५-२६ च्या हमीभावाने, ८,००० ने, घालून पाहा. उतारा ६८ करा.

मूळ लेखिका

खूप आभार दादा. टक्क्यांच्या सरासरीचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. आजच लॉटनुसार ओळी पाडते. एक राहिलं: चुनी आम्ही गटातल्याच बायांना ढोरांसाठी कमी भावात देतो. हिशोबात तो भाव धरायचा की बाजारातला?

प्रतिसाद

खर्च काढताना बाजारातला धरा, आणि सवलत वेगळ्या रकान्यात दाखवा. गटाने सभासदांना किती दिलं तेही मग बैठकीत सगळ्यांना दिसेल.