शुश्रूषेतील विशेष शाखा कशी निवडावी?

प्रश्न : माझे परिचारिका-शिक्षण संपत आले आहे. अतिदक्षता, नवजात शिशू की डायलिसिस, हे ठरत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे सहसा एक किंवा दोनच रुग्ण असतात; मात्र रक्तदाब, श्वसन आणि लघवीचे प्रमाण यांतील लहानसा बदलही तिलाच सर्वांत आधी टिपावा लागतो, आणि ही नजर पुस्तकातून येत नाही. म्हणून आधी सर्वसाधारण वॉर्डात काम करावे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर २ : नवजात शिशूंसाठी औषधाची मात्रा वजनानुसार काढतात. गणित पक्के हवे.

उत्तर ३ : डायलिसिसचे रुग्ण बहुधा आठवड्यातून ३ वेळा, सुमारे ४ तासांसाठी, वर्षानुवर्षे येतात. ते नाते मला फार मोलाचे वाटते.