परसातलं बॅडमिंटन कोर्ट: आधी माती बघ

पेव्हर घालू की काँक्रीट, असं विचारलंयस भावा. पेव्हर नकोच, सांध्यात बूट अडकतो. पण त्याआधी माती बघ. आमच्या परसात काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मी ती न काढता, मुरूम न दाबता थेट काँक्रीट ओतलं. दुसऱ्याच वर्षी मधोमध तडा! गवंडी सांगत होता, मीच ऐकलं नाही.

डबल्सचं कोर्ट ४४ बाय २० फूट, पण मागं निदान पाच फूट मोकळं सोड, नाहीतर पाठ कंपाउंडला. लांबी दक्षिणोत्तर धर, मावळतीचं ऊन डोळ्यात येत नाही. शंभर फुटांना एक फूट या हिशेबानं एकाच बाजूला उतार; आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे. आणि शटल नायलॉनचं घे, पिसांचं उघड्यावर टिकत नाही.