प्रतिसाद: ड्रिल मशीनवर पत्रा का उचलतो?

वर विचारलंय की भोक पूर्ण होता होता पत्रा ड्रिलसोबत उचलला जाऊन गरकन फिरतो, आणि स्पीड कमी करूनही फरक पडत नाही. स्पीडचा दोष नाही हा. ड्रिलचं टोक खालून बाहेर पडलं की त्याला खालचा आधार राहत नाही. दोन्ही धारा उरलेल्या पातळ कडेत स्क्रूसारख्या रुततात आणि पत्रा वर खेचतात. म्हणून पत्र्याखाली सपाट लाकडी फळी ठेवा, फळी आणि पत्रा दोन्ही क्लॅम्पने मशीनच्या टेबलाला आवळा आणि शेवटच्या मिलिमीटरला हँडलवरचा दाब निम्म्यावर आणा. पत्रा नुसत्या हाताने कधीच धरू नका. लांब पट्टी असेल तर तिचं लांब टोक डावीकडे, मशीनच्या उभ्या खांबाला टेकवून ठेवा. क्लॅम्प सुटलाच तर पट्टी खांबावर अडेल, पोटावर येणार नाही.

स्पीडचं म्हणाल तर माइल्ड स्टीलला एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिल 10 मिमीचं असेल तर साधारण 800 आरपीएम (मिनिटाला फेरे), 5 मिमीला 1600. स्पीडसाठी बेल्ट बदलताना प्लग काढाच.

टेबल काटकोनात आहे का, ते बघायला चकमध्ये (ड्रिल पकडणाऱ्या जबड्यात) वाकवलेली तार धरा, टोक टेबलाला जेमतेम टेकवा आणि चक हाताने फिरवा. एका बाजूला घासून दुसरीकडे फट दिसली की टेबल कललंय.

आणि हातमोजे नकोत, कृपा करून. फिरत्या ड्रिलने धागा पकडला की बोटं सोडवायला वेळच मिळत नाही. कीस ब्रशने काढा, तोही मशीन थांबल्यावर.