शेवटचं सत्र : विदर्भातल्या गावाकडच्या कॉलेजांतले अनुभव

भाची आर्वी तालुक्यातल्या एका गावातून बी.ए.च्या सहाव्या सत्राला जाते. परवा फोनवर म्हणाली, "आत्या, हरभरा काढणं सुरू हाय अन् भूगोलाच्या प्रॅक्टिकलची तारीख लागली. पहिले कोणतं करू?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

शहरातल्या पोरांचं शेवटचं सत्र म्हणजे निरोप समारंभ, मुलाखती, फोटो. आपल्याकडे ते तुरीच्या मळणीसोबत सुरू होतं आणि मेच्या उन्हात संपतं. मधे हरभरा, गहू, मोहफूल, लग्नसराई. म्हणून मार्क किती पडले हे नका सांगू. त्या चार-पाच महिन्यांत घरी काय चाललं होतं, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून, मग खाली ज्यांनी लिहून पाठवलं त्यांचे अनुभव, त्यांच्याच शब्दांत. आमच्या गावात एसटीची मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे आणि पहाटे साडेपाचला गाडी निघायची. परीक्षेच्या दिवसांत मी स्टँडवर दिसले नाही, की कंडक्टरभाऊ आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून दोनदा हॉर्न द्यायला लावायचे. वेळापत्रक त्यांनी माझ्याकडूनच तिकिटाच्या पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं होतं. शेवटच्या पेपरच्या सकाळी बाबांनी त्या दोघांना घरचे पायलीभर गहू दिले. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आज तेच जास्त आठवतं.

वरूड तालुका, बी.एस्सी., २०१९

आमचा चार एकर संत्रा, आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा. मार्चपासून गळ लागते. पाण्याचा एक फेरा चुकला, की सकाळी झाडाखाली हिरव्या गोट्यांचा सडा पडलेला. मोटरीची थ्री फेज लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. भाऊ पुण्याला, त्यामुळे रात्रीच्या आठवड्यात बाबा आणि मी. मी मोटरीच्या खोलीत बाजेवर बसून वाचायची. लाइन गेली, की पुस्तक उपडं ठेवून बांधावर जाऊन ओरडायचं, "बाबा, गेली!" आली की स्टार्टर दाबायचा. अकार्बनी रसायनशास्त्राचे निम्मे धडे मी असे वाचले.

प्रोजेक्टला सर म्हणाले, जवळचं काहीतरी घे. मी गावातल्या पाण्याचा कठीणपणा घेतला. जड पाणी म्हणतो आपण, ते. शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यांत बारा ठिकाणचं पाणी भरून एसटीने कॉलेजात न्यायचं. फ्लास्कमध्ये पाणी, त्यात बफर, मग इंडिकेटर टाकला की वाइनसारखा लाल रंग. ब्युरेट म्हणजे खुणांच्या काचनळीतून ईडीटीए, म्हणजे कठीणपणा मोजायचं द्रावण, थेंब थेंब सोडत राहायचं. लाल, मग जांभळट, आणि मग एका थेंबात सगळं निळं. तो थेंब नजरेतून निसटला की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीचे तीन दिवस माझा निसटायचाच. डोळ्यात पाणी यायचं.

पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चालतो, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत. आमच्या आठशे फुटांच्या बोअरचा आला ५४०. नाल्याकाठच्या जुन्या विहिरीचा २१०. वरूड-मोर्शीत सगळ्यांनी पाणी उपसून उपसून खाली नेलंय, हे लहानपणापासून ऐकत होते, पण आकडा माझ्या हाताने निघाला. घरी सांगितलं तर माय चुलीपाशी बसूनच म्हणाली, "म्हणूनच माह्यं वरण गोटागोटा राह्यते!" दुसऱ्या दिवसापासून डाळीपुरतं पाणी जुन्या विहिरीचं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" मी म्हटलं, "सर, आमच्या घरी डाळ शिजते आता." त्यांनी पेन खाली ठेवला आणि दहा मिनिटं फक्त विहिरीबद्दल विचारत राहिले.

घाटंजी तालुका, बी.ए., २०२३

पोलीस भरतीवाला. जानेवारीपासून मैदानी चाचण्या, एप्रिलमध्ये लेखी, मेमध्ये पेपर. पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळायचो. १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. लोहाराकडून गोळा करून घेतला होता, तो उशाशी ठेवून झोपायचो. भरती बारावीवर होते. आमच्यातले चार जण म्हणाले, मग डिग्री कायले पाहिजे बे, आणि त्यांनी परीक्षेचा फॉर्मच भरला नाही. मीही भरणार नव्हतो. मराठीच्या मॅडमनी वर्गाबाहेर थांबवलं आणि एवढंच म्हणाल्या, "फौजदाराच्या परीक्षेला पदवी लागते. ती तारीख आली की माझ्याकडे येऊन रडू नको." मी फॉर्म भरला. परीक्षा फी मॅडमनीच दिली, हे मी घरी आजवर सांगितलं नाही.

भरतीत थोडक्यात राहिलो. पदवी झाली. त्या चौघांपैकी दोघं आता राहिलेले विषय काढून राहिले आहेत. संध्याकाळी पाचही जण गावच्या पोरांना पळवतो.

दारव्हा, बी.ए. फायनल, १९८७

आमच्या वेळी सत्र नव्हतं, वर्षाची एकच परीक्षा. यवतमाळला कॉलेज, जायला शकुंतला नावाची छोटी आगगाडी. अडीच फुटी रूळ, वाफेचं इंजिन. खिडकीत बसून वाचायला गेलं की कोळशाची कणी डोळ्यात जायची. माझ्या इतिहासाच्या वहीवर बारीक जळकी भोकं होती. अमरावती विद्यापीठ सुरू होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती आणि आम्ही घरात कॉलेजात गेलेले पहिलेच. निकाल पाहायला मोठे बाबा स्वतः आले, दाराशी उभे राहून म्हणाले, "वाच, पण हळू वाच."

एटापल्ली तालुका, बी.ए., २०२०

मार्चमध्ये कॉलेज बंद झालं, तेव्हा वाटलं आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. दोन कपडे घेऊन वसतिगृहातून गावी आलो. पुस्तकं खोलीतच राहिली आणि खोलीला कुलूप. मोहफूल वेचून झालं, मेमध्ये तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा. रात्री ओसरीवर आई, बहीण आणि मी पुडे बांधायचो, सकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, नेऊन मोजून द्यायचे. हात चालत असायचे आणि डोक्यात एकच, परीक्षा होणार की नाही? राज्य म्हणे नाही, यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणे झालीच पाहिजे. २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, परीक्षेशिवाय पदवी नाही. आम्हाला तो दोन दिवसांनी कळला.

ऑक्टोबरमध्ये पेपर, मोबाइलवर, पर्यायी प्रश्नांचे. गावात नेटवर्क नाही. टेकडीवर एका मोहाच्या झाडाखाली दोन काड्या यायच्या, तेही फोन फांदीच्या बेचक्यात ठेवला तर. फोन काकाचा. हलकं धान कापायला आलेलं, तरी बाबा रोज माझ्यासोबत टेकडी चढायचे. त्यांना वाचता येत नाही. पण पडद्यावर ते चक्र फिरायला लागलं, की काहीतरी अडलं एवढं त्यांना कळायचं. माझ्यापासून चार हातांवर उभे राहून आमच्या माडिया बोलीत विचारायचे, फिरणं थांबलं का? दुसऱ्या पेपरला ते थांबलंच नाही. पंचवीस उत्तरं भरली होती, सगळी गेली. आठवडाभराने पुन्हा पेपर घेतला. बाबा पुन्हा आले, या वेळी फोन धरायला बांबूची बेचकी तासून.

नंतर एका मुलाखतीत विचारलं, "म्हणजे कोरोना बॅचचे तुम्ही?" बाकीचे हसले. मी त्यांना टेकडीचं सगळं सांगितलं, बांबूच्या बेचकीसकट. नोकरी मिळाली नाही. तरी सांगितलं ते बरं केलं असं आजही वाटतं. आमच्या वर्षाची पदवी फुकटची नाही.

वाशीम जिल्हा, बी.एस्सी. कृषी

आठव्या सत्रात प्रत्यक्ष उत्पादन घेऊन विकायचं असतं. आमच्या गटाकडे धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) रात्रभर भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळलं की पिशवीत एक थर कुटार, एक थर स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं. मार्च लागला आणि खोलीत पारा चढू लागला. दर दोन तासांनी गोणपाटावर पाणी मारायचं, रात्रीसुद्धा, आळीपाळीने. पहिल्या खेपेला निम्म्या पिशव्या हिरव्या बुरशीने गेल्या, कारण कुटार आम्ही घाईत ओलंच भरलं होतं. ज्या कुटाराला आमच्या गावी गुरांपुरतीच किंमत, त्यावर पांढरे पंखे फुटलेले पाहून वडील बराच वेळ पिशवीपाशी बसून राहिले. आज घरामागे आमची स्वतःची खोली आहे. पावसाळा-हिवाळ्यातच घेतो.

मेहकर तालुका, बी.कॉम.

सोयरीक फेब्रुवारीत जमली आणि तारीख काढली अक्षय तृतीयेच्या आसपासची, नेमकी दोन पेपरांच्या मधली. घरात सगळे म्हणाले, एक पेपर राहिला तर राहिला, पुढच्या वर्षी दे. पुढच्या वर्षी कोण देऊ देतं, हे मी मोठ्या बहिणीचं पाहिलं होतं. मामा तेवढे माझ्या बाजूने. त्यांच्यासोबत वेळापत्रक घेऊन मी होणाऱ्या सासूबाईंकडे गेले. असं कोणी जात नाही आमच्यात. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "माह्या वक्ताले असा कागदच नोता पोरी." तारीख आठ दिवस पुढे गेली. तरी शेवटच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी हळद लागलीच. कॉस्टिंगच्या उत्तरपत्रिकेवर पानोपानी माझी पिवळी बोटं आहेत. तपासणाऱ्यांनी काय समजून घेतलं असेल कोण जाणे.

लाखांदूर तालुका, भंडारा

मी शिकणारी नाही, शिकणारीची माय. मी सांगते, लेक लिहिते. चौथीनंतर माही शाळा सुटली. धानाच्या रोवण्याचं काम, उन्हाळ्यात रोजगार हमीचं. लेकीचं हे शेवटचं सत्र. तिचं हॉल तिकीट मी पेटीत ठेवलं, माह्या लुगड्याच्या घडीत, उंदरापासून जपून. तिनं तीनदा विचारलं, आई, कुठं आहे? तीनदा काढून दाखवलं.

पेपर दुपारचा. येताना गाडीला अंधार पडते, म्हणून मी सोबत जाते. तिची पास हाय, मले बायकांचं अर्धं तिकीट लागते. कॉलेजच्या फाटकापाशी कडूनिंब हाय, तिथं बसते. उरलेले दोन पेपर हायेत.